पाटीवरचं वजन

ट्रेलरचा दांडा मोटरहोमच्या मागे जोडणीसाठी असलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकला की बंपर सव्वादोन इंच खाली बसतो. मी दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मोजते. बर्फ गेलेलं असतं, पण अंगण अजून मऊ असतं, म्हणून चाकांखाली फळ्या घालून मोजते. अकरा वर्षांत हा आकडा पाव इंचाच्या पलीकडे हललेला नाही. यंदाही सव्वादोनच आला.

हलला होता तो दुसराच आकडा. मोटरहोम मागे घेत घेत गोळा नेमका दांड्याखाली आणायचा, हे काम मर्ल, माझा नवरा, पूर्वी एका खेपेत करायचा. तीन वर्षांपूर्वी दोन खेपा लागल्या. मागच्या वर्षी चार. यंदा सात. सातव्या खेपेला तो खाली उतरून म्हणाला, "हा गोळाच सरकतो की काय?" मी म्हटलं, "असेल." हा आकडा मी वहीत लिहिला नाही, पण माझ्या डोक्यातून तो जात नव्हता.

ट्रेलरमध्ये जनेलची शर्यतीची गाडी असते. जनेल आमची मुलगी. वय चौतीस, इस्पितळात परिचारिका, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी मातीच्या ट्रॅकवर डोक्यावर पंख लावलेली गाडी पळवते. तिच्याआधी वीस वर्षं मर्ल पळवायचा. ती कामावरून परस्पर ट्रॅकवर येते. गाडी, टायर, हत्यारं आणि आमचं राहण्याचं घर, म्हणजे मोटरहोम, तिथवर नेणं हे आमचं काम. मोटरहोम नाही गेलं, तर शर्यत नाही.

त्या शनिवारी नेहमीप्रमाणे आम्ही सगळं जोडून गिरणीच्या वजनकाट्यावर गेलो. मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे, अंदाजावर माझा विश्वास नाही. आमच्या राज्यात दोन्ही गाड्यांचं वजन मिळून सव्वीस हजार पौंडांच्या वर जाणार असेल आणि त्यात मागचा ट्रेलर दहा हजारांच्या वर असेल, तर साधा परवाना चालत नाही, वरच्या वर्गाचा लागतो. आमचा ट्रेलर भरून नऊ हजार दोनशे चाळीस भरला. चिठ्ठी घेऊन मी नेहमीसारखी निर्धास्त झाले.

परतताना नदीच्या पुलाच्या अलीकडे पोलिसांची तपासणी होती. हात दाखवणारा तरुण माझ्या बाजूच्या खिडकीशी आला आणि टोपी मागे सारून म्हणाला, "मॅडम! ओळखलंत का?"

"डेरिक स्टॉफर," मी म्हटलं. "मागचा बाक. ब्युरेटची तोटी सोडायची भारी घाई असायची तुला."

"बायको म्हणते, अजून आहे."

मर्ल स्टिअरिंगवरून पुढे वाकून म्हणाला, "भाड्यानं माल नेणारी गाडी नाही बरं का आमची. मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय बघ." आमच्याकडचे सगळेच शर्यतवाले ट्रेलरच्या मागे ती ओळ चिकटवतात आणि तिनं सगळी संकटं टळतात असं मानतात.

"वाचलं की काका. धंदा नाही, कबूल. पण त्यानं परवान्याचा वर्ग बदलत नाही."

मी चिठ्ठी पुढे केली. त्यानं ती नीट वाचली. "नऊ हजार दोनशे चाळीस. तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार. जरा खाली येता दोघं?"

ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्यात तळहाताएवढी धातूची पाटी आहे. डेरिकनं उकिडवं बसून तिच्यावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. "काका, काय लिहिलंय?"

मर्ल वाकला. त्यानं मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. मग सरळ होत म्हणाला, "चष्मा राहिला गाडीत."

चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तो डेरिकला दिसला, मलाही दिसला.

"बारा हजार," मी वाचलं.

"कायदा हे वाचतो, मॅडम. आत किती भरलंय ते नाही, किती भरता येईल ते. रिकामा असला तरी बारा हजारच."

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. अकरा वर्षं मी अचूक मोजत होते, पण विचारलं होतं वेगळंच. "वर्गात अशा उत्तराचे मी निम्मे गुण कापले असते," मी म्हटलं.

"निम्मे?" डेरिक म्हणाला. "माझे तर सगळे कापायचात."

त्यानं ताकीद देऊन सोडलं, पण पुढे चालवू दिलं नाही. गिरणीवरचा ट्रकवाला येऊन आमचं बिऱ्हाड घरी घेऊन आला. मर्ल मागच्या सोफ्यावर बसला होता, हातावर हात ठेवून, पाहुण्यासारखा. निघताना डेरिकनं परवान्याचं माहितीपुस्तक आणि कोरा अर्ज दिला. अर्ज मर्लनं घेतला, चौघडी केली आणि चष्म्याच्याच खिशात घातला.

दुपारी जनेलचा फोन आला. मी मक्याचं आणि कोंबडीचं सूप ढवळत होते, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"आई, चूक तुझी? खरंच? थांब, तारीख लिहून ठेवते."

"लिही," मी म्हटलं.

"बाबा, पहिली शर्यत तीन आठवड्यांवर आलीय. परीक्षा कोण देणार?"

"देऊ ना," मर्ल म्हणाला. "त्यात काय एवढं? तू टायरकडे बघ."

"कोण देणार, ते विचारतेय मी."

"सूप निवतंय," मर्ल म्हणाला आणि फोन बंद केला. सूप अजून चुलीवर होतं.

त्याच्या डोळ्यांबद्दल आमचं बोलणं कधी झालेलं नव्हतं. शरद ऋतूत तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. "वय झालं म्हणतो, आणखी काय म्हणणार," इतकंच त्यानं सांगितलं आणि मी ते तेवढंच घेतलं. मात्र तेव्हापासून रस्त्यावरच्या पाट्या मी मोठ्यानं वाचायला लागले, जणू माझी मलाच करमणूक. "पुढचं वळण सोळा नंबर," मी म्हणायची. "माहितीये," तो म्हणायचा. दोघांचं नीट चाललं होतं. मी बोलायला हवं होतं, हे मला समजत होतं. पण वीस वर्षं धुळीच्या भिंतीतून गाडी काढलेल्या माणसाला तुला दिसत नाही असं बायकोनं सांगायचं, ते माझ्याच्यानं होईना. आणि मोटरहोमचं स्टिअरिंग त्यानं सोडलं तर ट्रॅकवर तो कोण म्हणून जाणार, हाही प्रश्न होताच.

रोज जेवणानंतर मी पुस्तक वाचायची आणि प्रश्न विचारायची. ब्रेकमधली हवा, साखळ्या आडव्या टाकायच्या की उभ्या, दोन्ही गाड्या मिळून किती फूट लांब चालतात. त्याला सगळं येत होतं.

"साठ फूट. आपली अठ्ठावन्न. हे तूच मोजलंयस, मास्तरीणबाई."

"तेवढं तरी बरोबर मोजलं."

पाचव्या दिवशी मी डोळ्यांच्या तपासणीचं पान उलटून पुढचं वाचायला घेतलं.

"एक पान सोडलंस," तो म्हणाला.

"चिकटलं असेल."

"असेल." तो उठला आणि कपबशा धुवायला लागला. नळ बराच वेळ वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "फायर हॉलच्या मैदानावर जाऊ. ट्रकवाला येतोय घेऊन जायला. मला मागचे दिवे बघायचेत, तू स्टिअरिंगवर बस." मैदान गावच्या अग्निशमन दलाचं, आत रस्ता नाही, म्हणून तिथे परवान्याचा प्रश्न नव्हता. दिवे लागत होते. तरी मागे प्लास्टिकचे दोन शंकू उभे करून तो म्हणाला, "आता त्या दोन शंकूंमध्ये मागे घे."

"मी?"

"मग कोण, ट्रकवाला? खालून धर चाक. ट्रेलरचं ढुंगण जिकडं न्यायचं, हात तिकडं."

मी चाक खालून धरलं. आरशात तो ट्रेलरच्या बाजूला उभा होता, मान जराशी वळवून, एका बाजूनं बघत. पहिल्या खेपेला शंकू आडवा झाला.

"मेला तो," मर्ल म्हणाला. "दुसरा तरी वाचव."

दुसऱ्या खेपेला ट्रेलर मधोमध गेला. मी उतरून टेपनं दोन्हीकडचं अंतर मोजलं. एकीकडे चौदा इंच, दुसरीकडे पंधरा.

"किती?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं खिशातला अर्ज बाहेर काढला, बघितला आणि परत ठेवला. मला वाटलं आता बोलेल. पण तो शंकू गोळा करायला गेला, आणि आडवा पडलेला शंकू शोधायला त्याला वेळ लागला.

परवाना कार्यालयात आम्ही मंगळवारी गेलो. लहान गाडी मी चालवली. कुणी ठरवलं नव्हतं, किल्ली माझ्या बाजूला होती. पाच-सहा माणसं बसली होती. मर्लनं नंबराचा कागद बोटांत धरला होता आणि नंबर पुकारला जाईतो त्याची बारीक गुंडाळी केली होती. आम्ही दोघं एकदमच उठलो.

खिडकीमागच्या बाईनं गुंडाळी उलगडून पाहिली. तिच्या कोपराशी डोळे तपासायचं एक राखाडी यंत्र होतं, त्याला कपाळ टेकवायची पट्टी. मर्लनं यंत्राकडे पाहिलं. मग खिसा चाचपून चौघडी बाहेर काढली, काउंटरवर उलगडली आणि तळहातानं घड्या सपाट केल्या. दहा दिवस तो कागद त्याच्याजवळ होता. नावाची जागा अजून कोरी होती.

"अर्ज कुणाचा?" बाईनं विचारलं. "तुमचा का?"

मर्लनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि दोरीनं बांधलेलं पेन माझ्या हातात दिलं.

"हिचा," तो म्हणाला. "आर्लीन हॉस्टेटर. ट्रेलर उत्तम मागे घेते, एक शंकू सोडला तर. आणि बाई, परवाना परत द्यायचा असला तर तो इथंच घेता का? मी आता गाडी चालवणार नाही. मोठीही नाही, नि घरची लहानही नाही."