परसूच्या किसणीची खोटी साक्ष

हरी, आज तू मला गंजकी म्हणालास. "बाई, ही भिंतीवरची गंजकी किसणी मोडीत का देत नाही?" असं विचारलंस, आणि सुलभाबाई गणिताचं पुस्तक उघडं टाकून आत निघून गेल्या. आता तुम्ही शिकवणीची सगळी मुलं एकमेकांची तोंडं बघत बसला आहात. बाई बाहेर येईपर्यंत माझं ऐका. आणि आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पितळेला गंज चढत नाही. मला काळी म्हणा, कळकट म्हणा, पण गंजकी म्हणायचं काम नाही!

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किसणी आहे. बंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, एका तांबटानं पन्नास साली मला घडवलं. पत्र्याला खिळ्यानं एकेक भोक पाडून त्यानं माझे दात काढले. मला विकत घेतलं परसूनं. परसू म्हणजे तुमच्या सुलभाबाईंचे वडील. तो मूळचा कारवारकडचा, सदाशिवगडचा. रिचमंड टाउनमध्ये कर्नल प्रतापरावांच्या बंगल्यावर तो स्वयंपाकी होता. बायको लवकर गेली. मागे उरली ही एकच मुलगी, तेव्हा सात वर्षांची. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत बापलेक राहायचे.

कर्नलसाहेबांची जीभ सगळी विलायती. लढाईच्या दिवसांत ते इंग्लंडात राहिले होते, आणि तिथं त्यांना दोन गोष्टींची चटक लागली होती. एक शिंपल्यात भाजलेली कालवं. दुसरी हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची चटणी. हे मूळ दिसायला मुळ्यासारखं, पण किसलं की असं झोंबतं की माणूस देवाचा धावा करतो. पूर्वी छावणीतल्या दुकानात त्याच्या बाटल्या मिळायच्या. साहेब लोक गेले, बाटल्याही गेल्या. कर्नलसाहेब हळहळायला लागले तेव्हा परसू हसून म्हणाला, "साहेब, एवढंच ना? आपल्या शेवग्याचं मूळ काय कमी झोंबतं?"

मग काय! बंगल्याचा माळी कल्लाप्पा, निपाणीकडचा. त्यानं कुंपणाच्या कडेनं शेवग्याच्या बिया लावल्या. रोप वर्षाचं झालं की उपटायचं, मूळ धुवायचं. त्याची साल विषारी, म्हणून ती परसू पुरती सोलून फेकून द्यायचा. मग पांढरंशुभ्र मूळ माझ्यावर किसायचं. त्यात साय, मीठ, चिमूटभर साखर, आणि अगदी शेवटी, वाढायच्या वेळी सिरका, म्हणजे व्हिनेगर. कधी उकडलेल्या बिटात ते मूळ घालायचं, कधी बटाट्यात. घरी तर परसू ते दह्यात कालवायचा आणि सुलभा नाक ओढत, हुश्शहुश्श करत दोनदा मागून घ्यायची.

कालवं यायची थंडीत. परसूचा मेहुणा सदाशिवगडहून ओल्या गोणपाटात शिंपले बांधून हुबळीपर्यंत लॉरीनं आणि पुढं रेल्वेनं पाठवायचा. परसू दोन शिंपले एकमेकांवर टकटक वाजवून बघायचा. भरीव आवाज आला तर जिवंत, पोकळ आला तर टाकून द्यायचा. मग कोळशावर जाळी आणि जाळीवर शिंपले, खोलगट बाजू खाली, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. फट्ट करून तोंड उघडलं की सुरीनं वरचं झाकण काढायचं, माझ्यावर किसलेल्या चटणीचं बोट लावायचं आणि पळवायचं टेबलावर. पाहुणे डोळे पुसत खायचे आणि म्हणायचे, "वा, परसू!" मी तेव्हा किती चकाकत होते म्हणून सांगू!

सत्तावन्न साली तापाची साथ आली. घरोघर माणसं आडवी झाली. परसूही पंधरा दिवस निजून होता. ताप उतरला, पण त्याचं नाक गेलं ते गेलंच. वास म्हणून येईना. नासलेली आमटी तो स्वतःच्या पानात वाढून घेत होता, तेव्हा सुलभानं त्याचा हात धरला.

"बाबा, हे आंबलंय! तुम्हाला कळत नाही?"

परसूनं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, कुणाला बोलू नकोस. स्वयंपाक्याचं नाक गेलं की त्याला दारात कोण उभं करतं?"

त्या दिवसापासून चौदा वर्षांची सुलभा बापाचं नाक झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. मासे, लोणी, दूध, सगळं तिच्या पुढून जायचं. वेणी पुढं घेतली की समजायचं, माल खराब आहे. वेणी मागं असली की निर्धास्त. चार वर्षं हे चाललं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात यावं कसं? परसू मूळ किसायला बसला की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. मित्रांनो, वास येणं वेगळं आणि झोंबणं वेगळं. वास गेलेल्या माणसालाही मिरची झोंबते, तसंच हे मूळ. पण एवढा विचार कोण करतो! ज्याचे डोळे वाहतात त्याचं नाक ठणठणीत, असंच सगळे समजून चालले.

एकसष्ट साली सुलभा मॅट्रिक झाली. साहेबांच्या पत्नी वसुमतीबाई, त्यांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी स्वतः अर्ज भरून तिला बेळगावला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला जागा मिळवून दिली. दोन वर्षांचं शिक्षण. परसूला तर आभाळ ठेंगणं झालं. पण सुलभा हटून बसली.

"मी नाही जात. तुमच्याजवळ कोण उभं राहणार?"

"अगं, माझं नाक परत आलंय."

"कधी?"

"महिना झाला. तुला सांगायचं राहून गेलं."

"खोटं."

"खोटं? थांब." असं म्हणून परसूनं मला खाली काढलं. एक ताजं मूळ घेतलं आणि पोरीच्या समोर मांडी घालून खसाखसा किसायला लागला. क्षणात डोळे वाहायला लागले. "अगं आई गं! काय हा उग्र वास! मेलो! आता तरी पटलं?"

सुलभा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला जायचं होतं, हो. शिकायचं होतं. म्हणून तिनं विश्वास ठेवला. आणि ती साक्ष कुणी दिली? मी. माझ्या दातांनी. परसूचं पाणी बघून ती हसली, आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की पोरी, हे खरं नाही, याला काही वास येत नाही. पण किसणीला तोंड कुठं असतं!

तरी जाताना तिनं एक काम केलं. स्वयंपाकघराच्या फळीवर सिरक्याची आणि रॉकेलची बाटली शेजारीशेजारी असायची, दोन्ही तपकिरी, एकाच मापाच्या. आपल्या भरतकामाचा लाल दोरा तिनं सिरक्याच्या बाटलीच्या गळ्याला तीनदा गुंडाळून बांधला. "असू दे आपला," म्हणाली. उरलेलं रीळ तिथंच ठेवून ती गाडीत बसली.

पुढच्या संक्रांतीला घराची साफसफाई निघाली. नवी कामवाली विठाबाई, बिचारी हाताची स्वच्छ. तिनं फळीवरच्या सगळ्या बाटल्या राखेनं लख्ख घासल्या, तेलकट झालेला दोरा कापून टाकला, आणि बाटल्या पुसून परत मांडल्या, पण सिरका आणि रॉकेल यांच्या जागा बदलल्या. तिचा काय दोष?

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी साहेबांकडे आठ पाहुणे जेवायला. कालवं आली होती. कोळसे फुलले होते, शिंपले तोंडं उघडत होते, आणि परसू घाईघाईनं मूळ किसत होता. डोळे पाण्यानं भरलेले. त्यानं नजर न उचलता फळीवर हात घातला. बाटली जिथं असायची तिथली बाटली उचलली आणि चटणीत ओतली. चाखून बघायला वेळ नव्हता, कालवं गार होत होती.

दोन मिनिटांत बाहेरून आरडाओरडा. "रॉकेल! अरे, यात रॉकेल आहे!" खुर्च्या सरकल्या, कुणी थुंकायला धावलं. साहेब आणि वसुमतीबाई आत आले.

परसूनं बाटलीच्या गळ्यावरून अंगठा फिरवला. दोरा नव्हता. त्याला सगळं कळलं.

"सगळ्या घरभर रॉकेलचा वास सुटलाय, आणि तुला कळला नाही?" वसुमतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "परसू, डोळे बघ तुझे. लालबुंद झालेत. तू प्यायला आहेस?"

मित्रांनो, ते डोळे मीच लाल केले होते. माझी ही दुसरी खोटी साक्ष.

परसू म्हणाला, "होय, बाईसाहेब. थोडी घेतली होती."

ज्या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही, तो हे म्हणाला! त्याच्या बापानं दारूपायी होडीसुद्धा विकली होती. म्हणून परसूनं लहानपणीच कानाला खडा लावला होता, आणि सुलभाला ते सगळं सांगितलं होतं. साहेबांनी त्याला संध्याकाळच्या आत जायला सांगितलं. सामान बांधताना मला फडक्यात गुंडाळत तो आपल्याशीच बोलत होता. "प्यायलेल्याला उद्या कुठंतरी काम मिळेल. नाक गेलेल्याला नाही मिळायचं. आणि नाकाचं कळलं तर बाईसाहेब आजच पोरीला पत्र घालतील. पोर ट्रेनिंग सोडून येईल. नको. पास होऊ दे. मग सांगू."

पण पत्र गेलंच. वसुमतीबाईंनी दारूचं कळवलं. आठव्या दिवशी बेळगावहून कार्ड आलं. कल्लाप्पा ते घेऊन परसूच्या अलसूरमधल्या नव्या भाड्याच्या खोलीवर आला. सुलभानं लिहिलं होतं, "बाबा, आजोबांच्या दारूपायी तुम्ही उपाशी झोपलात असं मला सांगत होतात. आणि तुम्हीसुद्धा? मला पत्र लिहू नका."

परसूनं ते वाचलं. मग कार्ड उलटून बघितलं, मागं अजून काही लिहिलंय का म्हणून. मागं फक्त पत्ता होता.

"अण्णा," कल्लाप्पा म्हणाला, "तू तर पीत नाहीस. लिही की तिला."

"नको म्हणालीय ना ती. परीक्षा होऊ दे."

"सरी, बरं," कल्लाप्पा म्हणाला, पण त्याला ते पटलं नव्हतं.

परसू एका लहानशा हॉटेलात भांडी घासायला लागला. भांडी घासायला नाक लागत नाही. सुट्टीत सुलभा कारवारला मामाकडे गेली, इकडे आली नाही. मी खुंटीवर लटकत होते. सव्वा वर्षात परसूनं मला एकदाही हात लावला नाही. काळी पडले ती तेव्हा.

त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये त्याची छाती भरली. कल्लाप्पा रोज पेज घेऊन यायचा आणि तार करू का म्हणून विचारायचा. परसू नाही म्हणून मान हलवायचा. "शनिवारी तिचा शेवटचा पेपर आहे. शनिवारी कर."

परसू बुधवारी गेला. कल्लाप्पानं शब्द पाळला, शनिवारी तार केली. सोमवारी सुलभा आली.

कल्लाप्पानं कुलूप काढून दिलं आणि म्हणाला, "अक्का, शेवटी शेवटी म्हणायचा, पास झाली की तिला स्वल्प एक सांगायचंय. काय ते बोलला नाही. आणि कसलं व्रत धरलं होतं कोण जाणे, सगळ्या बाटल्यांना दोरे बांधून ठेवलेत बघ."

सुलभा आत आली आणि उंबऱ्याजवळच थांबली. फळीवर रॉकेलच्या बाटलीला लाल दोरा, तीन वेढे. खोबरेल तेलाला एक वेढा. फिनेलला दोन. तिच्याच भरतकामाचं रीळ, संपत आलेलं, शेजारी ठेवलेलं. ती कितीतरी वेळ त्या बाटल्यांकडे बघत होती.

"कल्लाप्पामामा," ती म्हणाली, "बाबांना वास येत नव्हता हो."

"छे गं! मूळ किसताना किती रडायचा."

"ते झोंबण्यानं, मामा. ते वासानं नव्हे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला जायचं होतं म्हणून मी नीट बघितलंच नाही." मग तिनं मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं, आणि हंबरडा फोडला. त्या खोलीत मूळ नव्हतं, कांदा नव्हता, काही नव्हतं. सव्वा वर्ष मी ज्या पोरीची वाट बघत होते तिच्या पाण्यानं मी भिजले, आणि मित्रांनो, मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आज सहा वर्षं झाली. बाई मला वापरत नाहीत आणि टाकतही नाहीत. या घरात सगळ्यांची नाकं शाबूत आहेत, तरी स्वयंपाकघरात सिरक्याच्या बाटलीला लाल दोरा आहे. दर संक्रांतीला बाई जुना सोडतात आणि नवा बांधतात.

मला घासूनपुसून लख्ख करा असं मी सांगणार नाही. माझं एवढंच ऐका. आपल्या माणसाबद्दल कुणी काही कळवलं आणि राग आला, तर कार्ड लिहू नका. गाडीत बसा, जा, त्याच्या समोर बसा आणि विचारा. त्यानं एकदा खोटं सांगितलं तर पुन्हा विचारा.

पावलं वाजतायत, बाई येतायत. हरी, त्यांचे डोळे लाल असतील. पुस्तकात तोंड खुपसून बसू नकोस. काय झालं, बाई, म्हणून विचार.