भिंतीकडची बाजू

त्या रविवारी मी चर्चमधली मिस्सा चुकवली, आणि कशासाठी, तर होडी घासायला. शेजारच्या एलिसाने खिडकीतून पाहिलं आणि दुपारपर्यंत अख्ख्या पाचूबंदराला कळलं की मटिल्डाचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणू देत. माझं डोकं त्या दिवशी जेवढं ठिकाणावर होतं तेवढं गेल्या दोन वर्षांत नव्हतं.

होडी आमचीच. ‘ग्रेसी’ नाव, माझ्या सासूचं. फायबरची, लहान, एकट्या माणसाला झेपेल अशी. माझा नवरा पास्कल तिच्यावर एकटाच जायचा. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तो पहाटे गेला आणि दुपारी होडी रिकामीच सापडली, जाळं अर्धं आत, अर्धं पाण्यात. पास्कल नंतर किनाऱ्याला लागला. साठीचा माणूस, आदल्या वर्षी छातीत दुखलेलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की झटका आला आणि पाण्यात पडायच्या आधीच तो संपला. मीही तेच धरून बसले. दुसरं काय धरणार?

माझ्या मुलाने, मर्विनने, ते माझ्यापेक्षाही घट्ट धरलं. “पप्पांना कळलंसुद्धा नसेल,” हे त्याचं वाक्य. वर्षश्राद्धाच्या मिस्सेला भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं. पोरगा आधी खळखळून हसणारा, आता ताटात वाढलेलं निमूट खातो आणि उठतो. पण झोपतो तरी. त्या एका वाक्यावर झोपतो हे मला माहीत होतं.

मर्विन हायवेवर गाड्या पॉलिश करणाऱ्या दुकानात कामाला आहे. बाप गेल्यापासून होडी आमच्या घराच्या भिंतीला लागून ठोकळ्यांवर पडून होती. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे खाऊन तिची पार रया गेली. फायबरवर जो गुळगुळीत थर असतो, जेलकोट, त्याचा खडूसारखा भुगा झाला. टेकून उभं राहिलं की पाठ पांढरी. मग गल्लीतल्या क्लेटनने ती मागितली. पंचविशीचा पोरगा, नुकतंच जोआनाशी लग्न झालेलं, स्वतःची होडी हवी म्हणत होता. मी हो म्हटलं. मर्विन म्हणाला, “अशी नाय द्यायची. पप्पांची बोट आहे. आधी शाइन काढतो, मग ने.”

चमक वरून लावायची नसते म्हणे. मेलेला थर पाणी मारत मारत वॉटर पेपरने घासून काढायचा, मग कंपाऊंड लावून मशीन फिरवायची, शेवटी वॅक्स. शनिवारी त्याने रस्त्याकडची बाजू पुरी केली. बाई, आरशासारखी झाली. भिंतीकडच्या बाजूवर नुसता वरून पाइप मारला. उद्या क्लेटन आला की दोघं होडी पुढे ओढू आणि तीही करू, असं ठरलं.

ही चमक त्याने याआधी एकदा काढली होती, बाप असताना. फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला येणार होते आणि मर्विनला आपली होडी सगळ्यांत उठून दिसायला हवी होती. होडीच्या दोन्ही कडांना जुने टायर दोरीने लटकवलेले असतात, धक्क्यावर आपटू नये म्हणून. ते घासून काळे पट्टे पडतात. मर्विनने टायर सोडून ठेवले. ग्रेसी अशी काही झळकली की पास्कल दिवसभर मिशीला पीळ देत फिरत होता. सण झाल्यावर मी त्याला म्हटलं, टायर बांध आता. तर म्हणाला, “राहू दे गो. पोरानं एवढी मेहनत केली हाय.” टायर स्वयंपाकघरामागे पडले ते पडले. एकात आमची कोंबडी अंडी घालते.

शनिवारी संध्याकाळी मर्विन आंघोळीला गेला तेव्हा मी बादली काढायला होडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरले. मी बारीक आहे, मावते. पाण्याने ती बाजू स्वच्छ झाली होती आणि त्या पांढऱ्यावर काळ्या रेषा दिसत होत्या. केसासारख्या बारीक, पावसाचा मळ आत बसून काळ्या झालेल्या. वरच्या काठापासून खाली उतरणाऱ्या. आधी वाटलं, धक्क्याला घासली असेल. पण होडी धक्क्याला घासली तर ओरखडे आडवे येतात. हे उभे होते. आणि दोन-दोनच्या जोडीने होते, प्रत्येक जोडीत बोटभर अंतर. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या इंजिनाच्या जागेपर्यंत.

मी घरात गेले. येशूच्या तसबिरीच्या अल्ताराखालच्या डब्यातून पास्कलचं घड्याळ काढलं. स्टीलच्या पट्ट्याचं, मनगटाच्या आतल्या बाजूला जाड कडी असलेलं. ते पोलिसांनी परत दिलं तेव्हा कडीच्या सांध्यात पांढरं काहीतरी बसलं होतं. मी मीठ समजले होते आणि मीठ म्हणूनच तसंच ठेवलं होतं. फटीत परत शिरून मी कडीची दोन टोकं एका जोडीवर ठेवली. बसली.

म्हणजे तो जिवंत होता. पाण्यात पडला आणि जिवंत होता. जाळं ओढताना पंख्यात अडकू नये म्हणून इंजिन वर उचललेलं असतं, तेव्हा मागून पाय द्यायला काही नाही. उजवा खांदा त्याचा निकामी, वर जातच नव्हता. डावा हात काठावर टाकायचा, अंग वर खेचायचं, आणि त्या गुळगुळीत, वॅक्स लावलेल्या बाजूवरून सर्रकन खाली. मग थोडं पुढे सरकून परत. टायर असता तर त्यात पाय घालून वर आला असता. घरी येऊन मला चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा मागितला असता.

मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली, आणि ती मर्विनची. उद्या होडी उजेडात ओढली की त्याला हे दिसणार. मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढाही त्याला लागणार नाही. टायर कोणी सोडले होते हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

सकाळी त्याला पहिल्या मिस्सेला पिटाळलं, मी दुसरीला जाते म्हणाले. तो वळणावर दिसेनासा झाला तशी बादली आणि वॉटर पेपर घेऊन फटीत शिरले. एक कोपर भिंतीला, एक होडीला. घासायचं, पाणी मारायचं, घासायचं. पांढरा चिखल हातावरून ओघळत होता. मी पास्कलशी भांडत होते. मेल्या, तुला टायर बांध म्हटलं होतं. पोराचं कौतुक पुरे झालं नव्हतं काय? एवढं धडपडलास आणि मी इथे बांगडे साफ करत बसले होते. मागच्या बाजूच्या रेषा आखूड होत्या, काठापर्यंत पोचतच नव्हत्या. त्या घासताना मात्र मला रडू आलं. त्या माणसाच्या शेवटच्या तासाची तेवढीच खूण जगात उरली होती आणि ती मी माझ्या हाताने पुसत होते. पण पास्कल गेला होता आणि मर्विन होता. मी सगळं पुसलं. एकही रेष ठेवली नाही.

मर्विन आला तेव्हा क्लेटन बरोबर होता. “मम्मी, तू काय केलंस हे? मिस्सेला नाय गेलीस?”

“तुला मदत केली. ओरडू नको.”

“गोल गोल घासलंय सगळं,” तो म्हणाला, पण हसला. दोघांनी होडी पुढे ओढली, मर्विनने मशीन लावली. दुपारपर्यंत भिंतीकडची बाजू रस्त्याकडच्या बाजूसारखी झाली. काम करताना तो काहीतरी गुणगुणत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. मशीन बंद करून तो मागे सरकला आणि म्हणाला, “पप्पांना आवडलं असतं ना?”

“आवडलं असतं,” मी म्हटलं. तिथेच सगळं संपायला हवं होतं.

मी स्वयंपाकघरामागून टायर आणले, कोंबडीला हुसकून. क्लेटनच्या पायाशी टाकले. “हे घेऊन जा. पानी लागायच्या आधी बांध.”

“नको आंटी. काळे पट्टे पडतात. मर्विनने एवढी शाइन काढलीय.”

“राहू दे मम्मी,” मर्विन म्हणाला. “इंजिनच्या होडीला कोन आता टायर लावतो?”

“मग दोरी तरी लटकव. गाठी मारून. हाताला धरायला काय तरी पायजे.”

क्लेटन हसला. वाईट मनाने नाही, चांगला पोरगा आहे. “पास्कल अंकल तरी कुठं लावत होते शेवटी?”

मी मर्विनकडे पाहिलं. तो फडक्याने मशीन पुसत होता, चेहरा उन्हाने लाल, बरा दिसत होता. मी गप्प बसले असते तर तो तसाच राहिला असता. क्लेटन आठवड्याभरात एकटाच ही होडी घेऊन गेला असता, चमकणारी, धरायला काही नसलेली. जोआना धक्क्यावर उभी राहिली असती. मला कुणीतरी निवड करायला लावत होतं आणि मला त्याचा फार राग आला. देवाचाच आला, सांगायला काय जातं.

“तुझा अंकल झटक्यानं नाय गेला,” मी क्लेटनला म्हटलं. मर्विनकडे बघायचं धाडस झालं नाही. “तो पान्यात जिता होता. चढायला बघत होता. याच बाजूनं, इथून तिथपर्यंत. पाय ठेवायला काय नव्हतं.” खिशातून घड्याळ काढून मी क्लेटनच्या हातावर ठेवलं. “त्या कडीत बसलाय तो या होडीचा रंग हाय.”

क्लेटनने घड्याळ पाहिलं आणि मग माझ्यामागे पाहिलं.

मर्विनने फडकं खाली ठेवलं. तो होडीच्या भिंतीकडच्या बाजूला गेला आणि वाकून नाळेपासून मागेपर्यंत शोधत गेला. तिथे आता काहीच नव्हतं. त्याने मग माझ्या हातांकडे पाहिलं. वॉटर पेपरने बोटांची टोकं सोलली होती. मी मिस्सा का चुकवली ते त्याला कळलं.

त्याने एक टायर उचलला, काठाच्या कडीतून दोरी ओवली आणि गाठ मारली. दुसरी मारली. मग टायर दोन्ही हातांनी धरला आणि गुडघे दुमडून सगळं वजन त्याच्यावर टाकलं, दोरी टिकते का बघायला. होडी ठोकळ्यांवर जराशी कलली. क्लेटनने पुढे होऊन पलीकडून ती धरली.

दोरी टिकली. तरी तो सोडेना. कपाळ त्या चकचकीत बाजूला टेकून, पाय वर घेऊन, तसाच लटकून राहिला. मी त्याला सोड म्हटलं नाही.