हिमबिबट्याला जाळी

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात मालिनीताईंना सगळे ‘कबुतरजाळीवाल्या काकू’ म्हणत. अगदी अंबरनाथपर्यंत कुणाच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला, की काकू ड्रिल घेऊन हजर. त्यांची लेक राजसी मात्र पार हिमाचलात, स्पितीतल्या एका गावात हिमबिबट्यांचा अभ्यास करत होती.

एका सकाळी तिचा रडवेला फोन आला. “आई, बिबट्यानं गोठ्यात उडी मारली. इथल्या बिचाऱ्या सोनमआजींच्या निम्म्या मेंढ्या गेल्या. गाव खवळलंय. पुन्हा आला तर मारूनच टाकणार म्हणतात.”

“पण तो गावात येतोच कशाला?”

“हल्ली बर्फच धड पडत नाही गं. त्याची शिकार, ती रानमेंढरं, डोंगरात आणखी वर जाऊन बसतात. उपाशीपोटी तो तरी काय करणार?”

“आणि गोठ्याला छप्पर?”

“नुसत्या दगडी भिंती. वर आभाळ!”

“अगं वेडे,” मालिनीताई म्हणाल्या, “आई जाळ्या मारते, हे विसरलीस होय?”

त्या तडक उल्हासनगरला गेल्या. लोखंडी जाळी विणणाऱ्या शेठना खोखो हसू आलं. “दीदी, शेर के पिंजरे बहुत बनाए, भेड़ों का पहली बार!” पण माल दिला तो अस्सल. जाळी ट्रकनं रवाना झाली. ती भिंतीवर कशी ताणायची, हे काकूंनी व्हिडिओ कॉलवर घसा बसेपर्यंत समजावलं.

थंडीच्या दिवसांत त्या अंबरनाथ पूर्वेला शंकररावांच्या बाल्कनीत स्टुलावर उभ्या असताना मोबाईल वाजला. राजसीनं व्हिडिओ पाठवला होता. करड्या ठिपक्यांचा, लांब जाड शेपटीचा बिबट्या जाळीवर उतरला. जाळी बाजेसारखी हिंदकळली. त्यानं खाली बें बें करणाऱ्या मेंढ्यांकडे पाहिलं, पंजा झटकला आणि रुसल्यासारखा निघून गेला. दूर खडकाआडून दोन पिल्लं दुडुदुडु धावत आली.

“अगं बाई, बाळंतीण होती ही!” काकू ओरडल्या. शंकररावांनी आधी स्टूल धरलं, मग मोबाईल.

राजसीचा लगेच फोन आला. “गाव नाचतंय, आई! त्यांना आता कुणालाच मारायचं नाही. शेजारच्या गावालाही जाळ्या हव्यात. आजी म्हणतात, तुझ्या आईलाच बोलव.”

“मला? माझ्याकडे स्वेटरसुद्धा नाही गं!” काकूंना हसू आवरेना. त्या स्टुलावरून उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “बरं, ड्रिलला वीज असते ना तिथे?”