वीजघरातच लाईट नाही

मी बोलतोय. इकडं, धरणाखाली, कालव्याच्या तोंडाशी. पत्र्याच्या छताचं बारकं घर दिसतं ना, तोच मी. मोटारीची खोली समजू नका, मी वीजघर आहे.

जन्मलो तेव्हा नारळ फुटला, फीत कापली, भाषणं झाली. भाषणांत मी अख्खा तालुका उजळवणार होतो. खरं म्हणजे कालव्याला पाणी सुटलं तरच माझं चाक फिरतं. एरवी मी पारव्यांची पिल्लं सांभाळतो. त्याहून लाजेची गोष्ट सांगू? माझी बांधणीच अशी, की सुरू व्हायला मला बाहेरून वीज लागते. तारेवरची वीज गेली की मीही बसलो.

माझे ऑपरेटर उकंडराव हे कुणालाच सांगत नाहीत. जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात ते "लाईट आपल्या खिशात हाय" म्हणत मिरवतात. त्याच तोऱ्यात त्यांनी लेकीसाठी, मंजुषासाठी, सेनगावचं स्थळ बोलावलं. तिला मुलगा, सोमेश्वर, फोटोतच आवडला होता. पोरीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पाहुणे माझ्या शेजारच्या क्वार्टरात बसले. कूलर चालू, मिक्सरमध्ये आमरस. मीही जीव तोडून फिरत होतो. तेवढ्यात वावटळ उठली आणि कुठंतरी तार तुटली. कूलर थांबला, मिक्सर थांबला, मीही थांबलो.

"वीजघर तुमचं, अन् लाईट काहून गेली?" सोमेश्वरच्या आईनं, नर्मदाबाईंनी विचारलं.

उकंडरावांना घाम फुटला. "म्याच बंद केली. मशीनला जरा आराम…"

"बाबा, खरं सांगा की," मंजुषा मधेच म्हणाली. "मावशी, भायेरून लाईट आल्याबिगर हे मशीन सुरूच व्हत न्हाई."

स्थळ गेलंच, असं मला वाटलं. मला फार वाईट वाटलं हो.

नर्मदाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. अमृतराव भिंतीला टेकून घोरत होते. त्यांना कोपरानं ढोसत त्या म्हणाल्या, "असलं एक मशीन आमच्या घरीबी हाय. मी हाक मारल्याबिगर सुरूच व्हत न्हाई. पोरगी खरी हाय. आपल्याला पसंत!"

सोमेश्वर तर कधीचा मान डोलवत होता.

आज लग्न. मांडव माझ्याच आवारात पडलाय. मला वाटलं, आज तरी उकंडराव माझ्यावर भरवसा ठेवतील. त्यांनी हिंगोलीहून भाड्यानं डिझेलचं जनरेटर आणलंय.

बाकी काही मागत नाही. ते माझ्या दारासमोरून तेवढं हलवा.