शिंग म्हणाल तर याद राखा

मित्रांनो, ज्यांनी राजांची सिंहासनं सजली आणि ज्यांच्या नुसत्या स्पर्शाने विषाचे प्याले निर्धोक होतात असं लोक मानत, त्या थोर कुळातला मी एक जुना दात आहे. सध्या माझ्यावर लोकरीचे चार मोजे वाळत आहेत. त्यातले दोन माझे नावडते आहेत.

दात. शिंग नव्हे. नारव्हेल नावाच्या देवमाशाच्या तोंडात मी उगवलो आणि पीळ घेत घेत पाच हात वाढलो. समुद्र किती खारट आहे, ते मला आतून कळायचं. युरोपातल्या शहाण्यांनी आम्हाला एकशिंगी घोड्याचं शिंग ठरवलं आणि आमचा भुगा औषध म्हणून प्याले. घोडा कोणी पाहिला नव्हता. इथल्या, उत्तरेच्या बर्फातल्या म्हाताऱ्या वेगळंच सांगतात. देवमाशाने एका बाईला समुद्रात ओढलं, पाण्यात तिची वेणी पिळत गेली, ती वेणी म्हणजे मी. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

काणाक गावच्या इमिना शिकाऱ्याने कायाक होडीतून पहिला भाला मारला, म्हणून रिवाजाप्रमाणे दात त्याचा झाला. मांस गावात वाटलं गेलं. मला त्याने घरात शेगडीवर टांगलं. पुढे एका वसंतात तो बर्फावर गेला, तो परतला नाही. त्याच वर्षी नात जन्मली आणि तिला त्याचं नाव मिळालं. आमच्याकडे नावाबरोबर माणूसही येतो. त्याची बायको, म्हातारी तुकुमेक, तेव्हापासून नातीला 'अहो' म्हणते.

परवा डेन्मार्कहून एक अभ्यासक आले. त्यांच्याकडे करवत होती.

"मधोमध उभा चिरायचा," ते म्हणाले. "आत दरवर्षीचा थर असतो. हा प्राणी जन्मभर काय खात होता, ते कळेल."

मधोमध. उभा. वर म्हणाले, मोजे तेवढे काढून ठेवा.

"देऊन टाक, आई," मुलगा अयाको म्हणाला. "नाही दिला तर लिहितील, आम्ही लपवतो."

"आणि दिला तर?"

"तर लिहितील, आम्ही देवमासे फार मारतो."

"मग मला कशाला विचारतोस? ज्यांचा आहे त्यांना विचार." म्हातारी वळली. "अहो, काय करायचं?"

सात वर्षांची इमिना नारव्हेलचं चरबीसकट कातडं चघळत बसली होती. "माझा आहे," ती म्हणाली. "मी मारलाय."

अभ्यासक हसले. आणखी कोणी हसलं नाही.

"पण कागदावर मालकाची सही लागते," ते म्हणाले. "ही तर लहान आहे."

"लहान?" तुकुमेक म्हणाली. "माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत."

"आजी, हा मेलेला दात आहे. त्याला दुखायचं नाही."

"आमच्यातले मेलेले जेवायला बसतात. हे काय, समोरच बसलेत."

इमिनाने चघळणं थांबवलं. "चिरायचा नाही," ती अभ्यासकांना म्हणाली. "मोजायचा तर मोज."

अयाकोने मान खाली घातली. बापापुढे त्याचं कधीच चाललं नव्हतं. करवत पेटीत गेली. अभ्यासकांनी मला मुकाट्याने मोजलं आणि नकाराची नोंद म्हणून तोच कागद इमिनापुढे सरकवला. जीभ बाहेर काढून, बराच वेळ खपून, तिने सहीच्या जागी एक नारव्हेल काढला.

मला काढलं कपाळावर.

"तिथे नसतो गं तो," अयाको म्हणाला.

"शाळेतल्या पुस्तकात आहे."

मित्रांनो, जिने मला करवतीखालून सोडवलं, तिच्यावर ओरडता येत नाही. म्हणून तुमच्यावर ओरडतो आहे. मला सिंहासन नको, काचेची पेटी नको, वेणी म्हणा, घोडा म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. फक्त चित्र काढताना आधी वरचा ओठ शोधा. डावी बाजू. खोडरबर जवळ असू द्या.