निरोप कुणाच्या पोटात

उपाशी माणसाची पित्ताची पिशवी सोनोग्राफीच्या पडद्यावर नासपतीएवढी दिसते. काळी, फुगलेली.

घरी वहिनीच्या नणंदेने शिलाई मशीनवर खिडकीच्या निळ्या पडद्याला उलटी किनार मारली, मग सगळी उसवली.

"देवाशपथ मॅडम, पाण्याचा घोटसुद्धा नाही," दवाखान्यात टेबलावरचा पेशंट म्हणाला.

वहिनीच्या ताटातल्या उकडलेल्या बटाट्याला काहीच वास नसतो.

वहिनी सोनोग्राफी करते. तिची स्वतःची पिशवी काढून टाकलेली आहे. डॉक्टर म्हणाले होते, आता पित्त साठणार नाही, थेंबथेंब आतड्यात उतरत राहील; थोडं थोडं खा, तेलकट जपून. सुरुवातीला एक भजं खाल्लं तरी ती संडासाकडे धावायची. मग पोट रुळलं. ती कामावर परतली.

आणि टेबलावरचे उपाशी लोक उपाशी दिसेनात. त्यांच्या पिशव्या जेवल्यासारख्या आक्रसलेल्या. वहिनी सगळ्यांना दटावायची. लोक शपथा घ्यायचे. ज्या दिवशी ती नुसता कोरडा ब्रेड खाऊन यायची, त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या पिशव्या टम्म.

तेलकट आतड्यात उतरलं की शरीर पिशवीला निरोप धाडतं: आवळ, पित्त सोड. वहिनीचं शरीर अजूनही धाडत होतं. घेणारं घरी नव्हतं; निरोप जवळच्या दुसऱ्या पिशवीत जात होता.

धाकट्या नणंदेला, ठकूला, पित्ताच्या पिशवीत खडे होते. ऑपरेशनची तारीख पडली होती. तोवर खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी वहिनीने तिला दवाखान्यात नेऊन टेबलावर निजवलं. आपल्या खाण्याने तिचीही पिशवी आक्रसते का, याची खात्री करायची होती.

"जेल केवढं गार आहे गं!"

"गप पड. काही खाल्लं नाहीस ना?"

"नाही. आणि तू काय खुशाल माझ्यासमोर लोणी हाणतेयस?"

वहिनीने एका हातात पोटावर फिरवायचा प्रोब धरला होता, दुसऱ्या हातात लोणी लावलेला ब्रेड. घास गिळला. बराच वेळ काहीच नाही. मग पडद्यावरची पिशवी मूठ मिटावी तशी मिटू लागली. खडा घरंगळत तोंडाकडे निघाला.

"वहिनी! तुझ्या घासाने कळ आली, थुंक ते!"

"आता कुठून थुंकू? गिळलं मी."

खडा तोंडाशी टेकला, थांबला, मागे घसरला. ठकूने घामेजल्या हाताने वहिनीचं मनगट धरलं. "माझं ऑपरेशन होईपर्यंत तू काही खाऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

घरात कढई चढेनाशी झाली. वहिनी उकडलेलं खायची, तेही चिमणीएवढं. सासूबाईही कुरकुरत तेच जेवायच्या. "पोट हिचं दुखतं आणि वाळतेय ती! आणि मी गं काय घोडं मारलंय तुमचं?"

पण ठकूचं दुखणं थांबलं. शिलाई मशीन पुन्हा दिवसभर चालू लागलं. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं.

दुपारी मशीन मध्येच बंद पडलं. वहिनी धावली. ठकू शिवायच्या पडद्यांच्या ढिगात दुमडून पडली होती.

"काय खाल्लंस तू?" ठकूने विचारलं.

"काही नाही गं, सकाळचा भात फक्त!"

"खोटं बोलू नकोस, जीव जातोय माझा!"

वहिनीने आ करून दाखवला. ठकूने तिच्या तोंडाचा वास घेतला. कसलाच नव्हता.

वास दुसरीकडून येत होता. स्वयंपाकघरातून, तापल्या तेलाचा.

"ओरडू नका गं," आतून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात घास होता. "बटाट्याच्या चार काचऱ्या तळल्या मी. किती दिवस कळ काढायची माणसाने?"

ठकूचे ओठ पांढरे पडले. "वहिनी, गाडी बोलाव."

सासूबाईंचीही पित्ताची पिशवी, वहिनी लग्न होऊन या घरात आली त्याच्या आदल्या वर्षी काढली होती.