खाजेला वास नसतो

आनंदीनं शेवळाची वरची साल ओढून काढली, आतला पिवळा भाग नखानं उचकटून टोपलीत टाकला आणि उरलेला कोवळा दांडा विळीवर धरला. आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, नाहीतर दोन जुड्या चिरायला तिला इतका वेळ लागायचा नाही.

भाईंदर स्टेशनपासून पश्चिमेला चार पावलं गेलं की कौलारू पडवीत तिची खानावळ होती. तीन बाकं, एक चूल आणि भाकऱ्या थापायला राई गावची गोदूबाई. जेवायला मिठागरातली माणसं, रेल्वेतले दोघंतिघं, कधी एखादा चुकला पाहुणा. पाटी नव्हती आणि तिची कधी गरजही पडली नाही. कालवणाला फोडणी बसली की माणसं वासावर यायची.

शेवळं मात्र वर्षातून पंधराच दिवस. पावसाच्या तोंडावर डोंगरात जमिनीतून वर येतात, आणि चेण्याकडची चंपा डोक्यावर टोपली घेऊन ती स्टेशनाबाहेर विकायला बसते. भाजी मोठी चवीची, पण जातीची खाजरी. नीट आंबट पडलं नाही तर घशात अशी खाज सुटते की बोलायची सोय राहत नाही. म्हणून शेवळांबरोबर काकडं घ्यायची, आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं, ती वाटून त्यांचं पाणी भाजीला लावायचं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पण या साली, एकोणसत्तरच्या जूनमध्ये, चंपानं हात झाडले होते.

"काकडं न्हाय, बाय. झाडाला धरलीच न्हाय."

"आंबटच पाहिजे ना," आनंदी स्वतःशी म्हणाली आणि बरणीतून मूठभर आमसुलं काढली. बाई रत्नागिरीची. आमसूल टाकलं की जगातलं सगळं ताळ्यावर येतं, ही तिकडची श्रद्धा, आणि ती श्रद्धा तिनं भाईंदरातही सोडली नव्हती. गोदूबाई असती तर तिनं वेळीच हात धरला असता. पण ती सकाळीच लेकीकडे गेली होती.

भाजीत सुक्या कोलंबीचे सोडे पडले, वाल पडले, पातेलं रटरटू लागलं. आनंदीनं झाकण काढून वास घेतला. वास झकास होता. चव तिनं घेतली नाही, कारण ती घेऊ शकत नव्हती.

दहा वर्षांपूर्वी तिचा नवरा लवू बोटीवर खलाशी म्हणून गेला. दोन पत्रं आली. मग त्याच्याबरोबरचा एक खलाशी येऊन सांगून गेला, की लवू कुठल्याशा बंदरात उतरला तो परतलाच नाही, बोट त्याच्यावाचून सुटली. म्हणजे मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिता म्हणावं तर कागदाचा चिटोरा नाही. आनंदीनं गावच्या देवीला बोलून ठेवलं, धनी घरी येईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही. ज्या बाईचं बाळपण बांगड्यावर गेलं, तिनं हे बोलावं! पण बोलली ती बोलली. आठ वर्षं ती दिवसभर मासळी रांधत होती आणि दुपार उलटल्यावर कोपऱ्यात बसून कुळथाची पिठी न् भात खात होती. मीठ, तिखट, आंबट, सगळं नाकावर. नाकानं तिला कधी दगा दिला नव्हता.

आणि खरं सांगायचं तर तिची जीभ अगदीच उपाशी नव्हती. तिला धाकू होता.

धाकू पेणकडचा, मिठागरावर मुकादम, बायको वारून बरीच वर्षं झालेला. पहिल्या दिवशी जेवून उठताना तिनं सहज विचारलं होतं, "कालवण कसं झालंय? मी चाखत नाही." त्यानं तोंडदेखलं बरं म्हणून भागवलं नाही. हात धुता धुता थांबला आणि नीट आठवून आठवून सांगितलं. तेव्हापासून रोजचं तेच झालं. थंडीत म्हणायचा, "आजचा बोंबील जिभेवर ठेवला आणि कुठे गेला ते कळलं नाही." पौषात म्हणायचा, "वालाला अजून दूध आहे, कोलंबी त्यात लपून बसलीय." कधी म्हणायचा, "खोबरं आज थोडं जून निघालं." तो हळू बोलायचा, मिठागरात पाणी चढतं तसा, आणि आनंदी पातेलं घासता घासता ऐकायची. मग कोपऱ्यात बसून पिठीभाताचा घास घेताना डोळे मिटायची, आणि त्या पिठीत तिला बोंबील लागायचा, वालाचं दूध लागायचं. दुपारची ती वेळ अशी, की खाडीकडचा वारा पडवीत येऊन आडवा व्हायचा, बाहेर झावळ्या हलायच्या, आणि आपण जागे आहोत की नाही हेही तिला कळायचं नाही. त्या अर्ध्या तासात तिचं पोट भरायचं.

पावसाळ्यात मिठागर बंद. मिठाच्या राशींवर झावळ्या पडल्या की धाकू गावी जायचा तो दसऱ्याला उगवायचा. ते चार महिने तिच्या जिभेला खरोखरीचा चातुर्मास. जायच्या आदल्या दिवशी शेवळाची भाजी, हा त्याचा शिरस्ता. पण या खेपेला त्यानं चार दिवस आधीच ताटावरून मान वर न करता विचारलं होतं.

"भाऊ म्हणतोय, आता शेतीच बघ. मिठागर पुरे. मी म्हटलं, विचारून सांगतो."

"कुणाला विचारून?"

"तुम्हालाच. तुम्ही ये म्हणालात तर दसऱ्याला येईन. नाहीतर तिकडेच राहीन."

यावर तिनं त्याला आणखी भात वाढला होता. दुसरं काय करणार? हो म्हणायचं तर कपाळावर दुसऱ्याच्या नावाचं कुंकू. नाही म्हणायचं तर दसरा येईल, धाकू येणार नाही. चार दिवस ती तेच गिळत होती.

सकाळी अकराला धाकू आला. त्यानं शेवळाचा पहिला घास घेतला, चावला, थांबला. मग दुसरा घेतला. रेल्वेतला सदू शेजारच्या बाकावरून म्हणाला, "मुकादम, एकटे एकटे? बाई, मला पण घाला थोडी."

धाकूनं पातेलंच आपल्याकडे ओढलं. "आज कोणाला नाही. वर्षाची भाजी आहे माझी."

सदू हसला. आनंदीलाही हसू आलं, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. धाकूनं तीनदा भाजी घेतली. तांब्याभर पाणी प्यायला. जाताना तिनं नेहमीसारखं विचारलं, "कशी झालीय?"

"झकास," तो म्हणाला आणि पायरी उतरून चालता झाला.

एवढंच? आनंदी त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. आठ वर्षांत त्यानं एका शब्दावर कधी बोळवण केली नव्हती. उत्तर दिलं नाही म्हणून रागावलाय, तिनं मनाशी धरलं, आणि दुपारी पिठीभात तिला गोड लागला नाही.

गोदूबाई तिसऱ्या प्रहरी आली. तळाला चिकटलेली भाजी बोटानं निपटून तिनं तोंडात घातली आणि दुसऱ्या क्षणी पडवीच्या कडेला जाऊन थुंकली.

"काय गो घातलंस यात? काकडं न्हाय?"

"आमसुलं घातली. का?"

"आमसुलं! घसा सोलून काढलान माझा. आगो, ही भाजी हाय का खाजकुयली? कोनी खाल्लान?"

आनंदीनं पातेलं हातात घेऊन आत पाहिलं. "मुकादमांनी."

"किती?"

"सगळी."

गोदूबाईनं तोंडात गूळ टाकला आणि तिच्याकडे पाहिलं. "मंग तो मानूस येडा तरी हाय," ती म्हणाली, "न्हायतर..." आणि पुढचं गुळाबरोबर चघळत राहिली.

खाजेला वास नसतो, हे आनंदीला आठ वर्षांनी कळलं. पण त्याहून दुसरंच काही तिच्या काळजात रुतलं. ज्या माणसाच्या जिभेवर आपण जेवलो, तो खोटं बोलतो. मग तो बोंबील? ते वालातलं दूध? ते तरी खरं होतं की बाईमाणसाला बरं वाटावं म्हणून रचलेलं? आपण आठ वर्षं नुसता वाराच खाल्ला की काय? तिला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

दिवेलागणीला धाकू शेवटचं जेवायला आला. सकाळच्या गाडीनं तो निघणार होता. बाकावर दुसरं कोणी नव्हतं, पाऊस अंगावर आला म्हणून सगळे लवकर जेवून गेले होते. आनंदीनं खाडीच्या कोलंबीचं कैरी घातलेलं कालवण वाढलं आणि समोर उभी राहिली.

"सकाळची भाजी कशी होती?"

"झकास." आवाज पार बसलेला, पोत्यावर पोतं घासावं तसा.

"मुकादम."

त्यानं मान खाली घातली. "खाजरी होती."

"मग सांगितलं का नाही? पातेलं पुसून खाल्लंत ते?"

"दुसऱ्यानं खाल्ली असती तर तुमचं नाव गेलं असतं. आणि..." तो खाकरला. "तुमच्या हातचं कदाचित शेवटचं. त्याला नावं ठेवून जाऊ?"

तरी ती विचारायची राहिली नाही. "आठ वर्षं असंच सांगत होतात मला?"

"नाही. खोटं आजच बोललो."

"कशावरून?"

धाकूनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खाजेचं की कसलं ते देव जाणे. "आता कशावरून सांगू, आनंदीबाई? खाऊन बघा म्हणायची सोय नाही."

चुलीपाशी गोदूबाईचे हात पिठात थांबले. आनंदीनं ताटाकडे पाहिलं. एक घास. एका घासानं लवू मरणार होता. कुठल्याही बंदरात असो, जिता असो, मेलेला असो, हिनं गिळलं की इथं या पडवीत तो मेला. हे तिला आठ वर्षं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं उपास मोडला नव्हता. त्यात देवीची भीती थोडीच होती.

"आजचं कसं झालंय ते सांगा," ती म्हणाली. "खरं."

धाकूनं घास घेतला. जिभेवर ठेवला. नेहमीसारखा वेळ घेतला.

"कैरी जरा जास्त पडलीय," तो बसक्या आवाजात हळूहळू म्हणाला. "पहिल्यांदा दात आंबतात. मग मागून कोलंबी येते, ती गोड. खाडीची आहे, चिखलाचा वास अगदी शेवटी लागतो, नसल्यासारखा."

आनंदी चुलीकडे गेली. पातेल्यातून एक कोलंबी उचलली आणि तोंडात घातली.

दात आंबले. मग मागून गोडवा आला. आणि अगदी शेवटी, नसल्यासारखा, खाडीचा चिखल. तिनं घास गिळला आणि पदर तोंडाला लावून रडली. भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता, बराच वेळ. गोदूबाई भाकरी थापत राहिली, धाकू आपल्या ताटाकडे पाहत राहिला.

मग आनंदीनं फळीवरून दुसरं ताट काढलं, त्यात भात वाढला, वर कालवण ओतलं आणि ती त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली.

"दसऱ्यानंतर कोलंबी मोठी येते," ती भात कालवत म्हणाली. "पण तेव्हा कैरी नसते. चिंच घालावी लागेल."

"चालेल," धाकू म्हणाला.